किसनमामाची चढती कॅसेट

तुमच्या घरात जपून ठेवलेली जुनी कॅसेट खरं बोलते, असं तुम्हांला कोणी सांगितलं? मला कोणीच सांगितलं नव्हतं. तरीही मी ते मानत होते. नुसतं मानत नव्हते, त्यावर एक पत्रक लिहून, छापून, कॉलेजच्या फाटकात उभी राहून वाटलंही होतं. त्या पत्रकामुळे माझ्या आईचा गळा कायमचा जायची वेळ आली होती. गेला नाही, म्हणून हे इतक्या मोकळेपणी लिहिते आहे. आत्मकथन लिहायचं माझं वय नाही असं काहीजण म्हणतात. म्हणोत. ज्या गोष्टीची कबुली द्यायची आहे ती म्हातारपणापर्यंत राखून ठेवावी, असा नियम कुठं आहे?

आधी पत्रकांचं सांगते, कारण आमचं घर पत्रकांवरच उभं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, एका लहान छापखान्यात मशीन चालवायचे. शाई पसरलेले, वाकडे कापलेले, एका बाजूनं कोरे राहिलेले कागद ते घरी आणायचे. गिरणी कामगारांच्या मागण्या, पाण्याच्या मोर्च्याची हाक, विहारातल्या व्याख्यानाचं निमंत्रण. फळीवर डब्यांखाली पत्रकं, भाकरीच्या टोपलीत पत्रकं, माझ्या वह्यासुद्धा पत्रकांच्या कोऱ्या बाजू शिवून केलेल्या. मी अक्षरं शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या दोन शब्दांवरून. चौथीत बाईंनी ‘आमची शेळी’ या विषयावर निबंध सांगितला तेव्हा मी शेळीच्या पाच मागण्या लिहिल्या आणि शेवटी ‘हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा’ असं आवाहन केलं. बाई हसून हसून खुर्चीतून उठल्या. दादांनी मात्र तो निबंध वाचून गंभीरपणे विचारलं, “चौथी मागणी जरा पोकळ वाटती. पुरावा कुटं हाय?” असं आमचं घर.

त्या घराचा आवाज म्हणजे आईचा आवाज. आई अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारी परत आली की उखळात शेंगा कुटायला बसायची. सोलापुरात शेंगाची चटणी कोणाच्या घरी नसते? पण आमच्या घरातली चटणी गाण्याच्या ठेक्यावर कुटली जायची. मुसळ खाली आलं की सम, वर गेलं की ओळ पुढं. भाजलेल्या शेंगांचं तेल सुटायला लागलं की तिचाही गळा सुटायचा. शेजारच्या गल्लीतल्या बायका सांगायच्या, सुमनचं तिसरं गाणं सुरू झालं की आम्ही भाकरीचा तवा ठेवतो. कडक भाकऱ्यांची चळत, वर लाल तेलाची चटणी, आणि भिंतीपलीकडून कोणीतरी “आगं, ते मगाचंच परत म्हन की!” असं ओरडायचं. लहानपणाची भूक आणि गाणं मला अजून वेगळं करता येत नाही.

आई ‘पार्टी’त गायची. पार्टी म्हणजे आमच्या वस्तीची गायन पार्टी. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला, कधी लांब नातेपुत्यापर्यंत बोलावणं यायचं. ती उभी केली माझ्या मामानं, किसनमामानं. तो होटगीला रेल्वेत गँगमन होता. दिवसभर रूळ तपासायचा आणि उरलेला वेळ हार्मोनियम, म्हणजे आमच्या भाषेत पेटी, वाजवायचा. आईला सराव करता यावा म्हणून त्यानं एकदा नऊ गाण्यांची नुसती पेटीची साथ कॅसेटवर भरून दिली. त्यानंतर दोन महिन्यांत तो तापानं गेला. पार्टीला दुसरा पेटीवाला मिळाला नाही. खरं सांगायचं तर कोणी शोधलाच नाही. त्या कॅसेटलाच सगळ्यांनी पेटीवाला केलं. स्टेजवर खुर्ची ठेवायची, खुर्चीवर टेप, टेपसमोर माइक. ढोलकी खरी, गळे खरे, आणि पेटी किसनमामाची. टेपचं बटण दाबण्याआधी सगळे क्षणभर हात जोडायचे. मी हे बारा वर्षं पाहिलं.

त्या कॅसेटची एक ख्याती होती. पेटीवरच्या ज्या पट्टीला ‘सा’ धरायचा तिच्यावरून गाण्याची उंची ठरते, हे गाणाऱ्या घरात वेगळं सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. काळी तीन, तिच्यावर पांढरी पाच, मग काळी चार, मग पांढरी सहा, अशी ती उंची वाढत जाते. किसनमामाची कॅसेट पांढरी पाचमध्ये सुरू व्हायची, मध्यावर काळी चारला पोचायची आणि शेवटचं गाणं पांढरी सहामध्ये. ढोलकीवाले काशीकाका, मामानंतर पार्टीचे म्होरके तेच, कार्यक्रमात माइकवर सांगायचे, “बाकीच्या पार्ट्या दमल्या की खाली येत्यात. आमच्या किसननं घालून दिलंय, गान्यागनिक वर! आमची पार्टी कदी उतरत न्हाय!” टाळ्या पडायच्या. आई पदर खोचून शेवटच्या गाण्याला उभी राहायची तेव्हा तिच्या मानेवरची शीर पहिल्या रांगेतून दिसायची. मला त्या शिरेचा अभिमान वाटायचा. आज ते आठवलं की मान खाली जाते.

आईला पट्ट्यांची नावं ठाऊक नव्हती. मामा वाजवायचा, ती लावायची, एवढाच तिचा हिशोब. तो गेल्यानंतर तिला कॅसेटबरोबर गाणं जड जायला लागलं, तेव्हा तिनं दोष स्वतःला दिला. वय झालं, दोन बाळंतपणं झाली, भाऊ गेल्यावर छातीत बळ उरलं नाही. असं ती कोणाला सांगायची नाही. गुळण्या करायची, ज्येष्ठमध चघळायची आणि पुन्हा उभी राहायची.

माझं पत्रक मी कॉलेजात, अठरा वर्षांची असतानाचं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात काही मुलामुलींनी कॉम्प्युटरवर सूर खालीवर करून घेतलेल्या ट्रॅकवर गाणी म्हटली आणि बक्षिसं मारली. माझं डोकं फिरलं. मी घरी येऊन एका बैठकीत पानभर मजकूर लिहिला. मथळा होता ‘चढता सूर, ताठ मान’. त्यात किसनमामाच्या कॅसेटची थोरवी होती, आणि यंत्रानं आपल्या सोयीनं हलवलेला सूर म्हणजे मतपेटीतला खोटा शिक्का, असं एक वाक्य होतं ज्यावर मी स्वतःच फार खूश होते. दादांनी छापखान्यातल्या उरल्यासुरल्या गुलाबी कागदावर ते छापलं. वाटताना शुक्रवार पेठेतल्या इरफानभाईंच्या दुकानातही मी एक प्रत टाकून आले. ते मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायचे, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि कॉलेजातले ते सगळे ट्रॅक त्यांनीच केले होते. मला वाटलं, शत्रूच्या दारात जाऊन आव्हान दिलं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “पीछेकी बाजू कोरी है. हिसाब लिखनेकू अच्छी है, बाई.”

मग जयंतीला दोन महिने उरलेले असताना आईचा आवाज बसला. सर्दीनं बसतो तसा नाही. शेवटच्या गाण्याची तालीम चालू होती आणि वरच्या सुराला तिच्या तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या, ताणून ओरडणाऱ्यांना होतात तशा. ऑपरेशन टाळता येईल, पण सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. “आणि त्यानंतर,” डॉक्टर म्हणाले, “गायचंच असेल तर खालून गा. पुन्हा एवढं वर गेलात तर आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही.”

घर एकदम मुकं झालं. उखळ चालायचं, पण नुसतं धप्प, धप्प. आईनं सांडशीची भाषा काढली. डब्यावर एकदा टक म्हणजे इकडे ये, दोनदा म्हणजे ताट घे, आणि सांडशी जोरात आदळली तर समजायचं की आपण काहीतरी केलंय आणि काय ते आपणच ओळखायचं. मोठं काही सांगायचं असेल तर पत्रकाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहायची. ‘मीठ आण.’ ‘दादांना सांग चष्मा शाईत पडलाय.’ तिला तिखट बंद होतं. आमच्यासाठी चटणी कुटायची आणि स्वतः दहीभात खायची. त्या दिवसांत आम्ही बाकीचेही कमी बोलायला लागलो, जणू घरात बोलण्याचं काहीतरी वाटप होतं आणि तिचा वाटा बंद झाल्यावर आमचा आम्हांला जास्त वाटायला लागला.

पाचव्या आठवड्यात काशीकाका आले. माणूस प्रेमळ, पण खाटेवर बसले ते अगदी कडेला, म्हणजे जड काहीतरी बोलायचं होतं. दादांनी पाणी दिलं आणि तेच पहिल्यांदा म्हणाले, “काशिनाथ, त्या कॅसेटचा सूर जरा उतरवून घेता येतो म्हनं कॉम्प्युटरवर. सुमनला झेपंल असा.”

काका ताडकन उभे राहिले. “किसनच्या पेटीला हात लावायचा न्हाय! त्यो गेला, ही ऱ्हायली. आता तिला बी खाली बसवता व्हय? आवो, आपल्या म्हाताऱ्यांना माइक कोन देत हुतं? लांबच्या मान्साला ऐकू जावं म्हून वरनं म्हनायचे. त्यो सूर उतरवला की समदं उतरलं.” मग माझ्याकडे वळले. “तू शिकलेली. तूच लिवलंयस न्हवं? सांग की तुज्या बापाला.”

आणि मी सांगितलं. “काका बरोबर बोलतायत, दादा. आई या वर्षी नाही गायली तरी चालेल. सूर उतरवायचा नाही.”

काका म्हणाले, मग जयंतीला जवळच्या वडाळा गावाकडची एक पोरगी सांगून ठेवतो, तिचा गळा कोवळा आहे. एकदा पोरगी बसली की बसली, हे सगळ्यांना कळत होतं. पार्टीत एका बाईची जागा गेली की ती परत मिळत नाही. आई चुलीकडं तोंड करून बसली होती. सांडशी वाजली नाही. तिनं फळीवरून एक कागद ओढला, चार शब्द लिहिले आणि माझ्यासमोर धरला. ‘मग मी काय करू?’ कागद गुलाबी होता. मी उलटा करून पाहिला नाही. मागे काय छापलंय ते मला पाठ होतं.

तत्त्वाची माणसं फार क्रूर होऊ शकतात, कारण त्यांना आपण क्रूर आहोत असं वाटतच नाही. हे मी पुढं बऱ्याच मोर्च्यांत, बऱ्याच बैठकांत पाहिलं. पण पहिल्यांदा पाहिलं ते आरशात, वयाच्या अठराव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅसेट पिशवीत घातली आणि आईला घेऊन शुक्रवार पेठेत गेले. माझा बेत एवढाच होता: निदान एकदा उतरवून ऐकू, आईला पटलं तर काकांशी भांडेन, नाही पटलं तर नाही. इरफानभाईंच्या दुकानात कॉम्प्युटरच्या मागं भिंतीवर माझं गुलाबी पत्रक चिकटवलेलं होतं. त्यावर वहीसारखी नावं लिहिली होती, कोणाच्या मोबाइलमध्ये काय भरायचं आहे त्याची.

“आवो आवो,” ते म्हणाले. “खोटे सिक्केवाली बाई आयी.” मग आईला पाहून खुर्ची पुसली. “बैठो आपा. गला बैठ गया बोलके सुना मैं. बोलो नक्को, हात से बताओ.”

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी टोमणा वाढवला नाही. कॅसेट मशीनमध्ये घातली, वायर कॉम्प्युटरला जोडली आणि गाणं पडद्यावर उतरायला लागलं. निळ्या रेघांची दाट झुडपं, मधेमधे रिकामी जागा. शेवटचं गाणं सुरू होण्याआधी अशाच एका रिकाम्या जागेत मामा एकदाच बोलला आहे. पलीकडं शेळी ओरडते आणि मामा म्हणतो, “सुमे, च्या ठेव गं.” आवाज असा बारीक आणि चटपटीत की लहानपणी आम्ही त्याची नक्कल करायचो. आई म्हणायची, टेपमध्ये सगळ्यांचाच आवाज चिमणीसारखा येतो.

इरफानभाईंनी शेवटचं गाणं निवडलं आणि सूर तीन घरं खाली ओढला. त्यांनी समजावलं की यात सूर बदलतो, वेग तोच राहतो. वाजवलं. सूर खाली आला होता खरा, पण पेटी गोधडीखालून वाजल्यासारखी झाली होती, प्रत्येक स्वराला शेपूट फुटलेलं. आणि मामा, कोणीतरी जाडा माणूस गाडी सुटत असताना बोलतो तसा, घाईघाईनं चहा मागत होता. आईनं डोळे मिटले आणि मान हलवली. नको. ती उठायलाही लागली. माझ्या मनात, आता कबूल करायला हरकत नाही, कुठंतरी बरं वाटलं की माझंच पत्रक खरं ठरलं.

“ठैरो आपा.” इरफानभाईंनी हेडफोन काढून मानेवर ठेवला. “येच गाना भागरा है. सूर की बात नै बोलरा मैं. चाल. ये पेटीवाला इत्ता भागता था क्या?”

आईनं दोन्ही हातांनी नाही म्हटलं. किसनमामा होटगी स्टेशनात सगळ्यांत सावकाश माणूस म्हणून ओळखला जायचा. जेवायला बसला की ताटं धुवून व्हायची, याचं जेवण चालूच.

“फिर?” ते म्हणाले, आणि केलेला बदल पुसून दुसरीकडं गेले. या वेळी त्यांनी सूर आणि वेग वेगळे केले नाहीत. अख्खं गाणंच, टेप हळू फिरवावी तसं, मंद केलं. सोळा टक्के. आणि वाजवलं.

शेळी ओरडली. नेहमी ती करडासारखी किरकिरायची. आता ती मोठी, भरल्या पोटाची शेळी झाली होती. आणि मग एक पुरुष, थोडा खाकरून, शब्दांमध्ये जागा सोडत म्हणाला, “सुमे. च्या ठेव गं.”

आई उभी होती ती खाली बसली. खुर्ची बाजूला होती, तरी फरशीवरच बसली. “किसन,” ती म्हणाली. “आगं, ह्यो किसन हाय.” साडेचार आठवड्यांनंतरचे पहिले शब्द, फाटके, खरखरीत. मी घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं तो झटकला, पण पुढं बोलली नाही. पेटी सुरू झाली होती. काळी तीनमध्ये, सावकाश, प्रत्येक स्वर आपल्या पायांवर उभा. बारा वर्षं ज्याची आम्ही नक्कल केली तो चिमणीचा आवाज माझ्या मामाचा नव्हताच.

“सेलाँ मरे सो थे,” इरफानभाई हळूच म्हणाले. “रिकॉर्ड करते वक्त मशीन में सेलाँ मर रे थे, टेप धीरे घूमी. बाद में घर की लाइट पे लगाये तो भागी. सेल और मरे, गाना और चढा.”

आईनं समोरचं बिल बुक ओढलं आणि भरभर लिहिलं. ‘त्या दिवशी होटगीला लाईट नव्हती. त्याच्या ड्युटीच्या बॅटरीतले जुने सेल काढून टेपात घातले. मीच घातले.’ मग थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली. ती मला दाखवली नाही, पण मी खांद्यावरून वाचली: ‘मला वाटायचं माझाच गळा कमी पडतोय.’

इरफानभाईंनी मग नऊच्या नऊ गाणी एकेक करून खाली आणली. पहिलं थोडं, मधली जास्त, शेवटचं सगळ्यांत जास्त. कुठंही सूर ओढूनताणून बदलला नाही, फक्त पळणाऱ्याला चालायला लावलं. सगळी गाणी एकाच पट्टीवर येऊन बसली. काळी तीन. सीडी हातात देताना त्यांनी भिंतीवरच्या पत्रकाकडं बोट केलं. “इसका क्या करना?” मी म्हटलं, “राहू द्या. नवीन आणून देते.”

काशीकाकांना पटवणं बाकी होतं. त्यांचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं, “मशीननं कायबी वाजवता येतंय.” पण आमच्या कपाटावर मामाची खरी पेटी होती. भाता फाटलेला, तरी हातानं दाबून धरला तर वाजायची. आणि त्या पेटीला एक खोड होती, जी काकांनाच सगळ्यांत चांगली ठाऊक होती: तिची काळी पाच भरभरायची, सुरात माशी अडकल्यासारखी. मी जुनी कॅसेट लावली. “काका, माशी कुठं अडकते ते ऐका.” काकांनी ऐकलं. शेवटच्या गाण्यात भरभरणारा सूर येतो तो पेटीवर शोधला, तर तो निघाला काळी एक. आणि पेटीची काळी एक अगदी स्वच्छ. मग सीडी लावली. भरभर आली ती बरोबर काळी पाचवर. काकांनी पट्टी दाबून ठेवली, सोडली, परत दाबली. पेटी आणि सीडी दोन्ही एकाच जागी भरभरत होत्या.

दादा चष्म्याच्या काचा पुसत होते. शेवटी काका म्हणाले, “म्हंजे बारा वर्सं आमी सेलांच्या मागं पळालो व्हय?” आणि आईला हसू फुटलं. आवाज काढायची बंदी होती, म्हणून ती तोंडात पदर कोंबून हसली, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी वाहत. मग काका हसले, मग आम्ही सगळेच. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि त्यानंतरही क्वचितच. हसणं ओसरल्यावर काकांनी ढोलकी जवळ ओढली, चाटीवर, म्हणजे तिच्या लहान तोंडावर, बोट मारलं आणि तोंड वाकडं केलं. “काळी तीनला ही लई वर हाय. उतरवायला लागंल की.” एवढंच. वडाळ्याच्या पोरीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या वर्षी ती आली, आईच्या शेजारी उभी राहून गायली.

दादांना मी म्हटलं, मला लाज वाटते. ते म्हणाले, “छापलेलं चुकलं तर शुद्धिपत्र काढायचं. त्यात लाज कसली? न काढलं तर लाज.” मी लिहिलं. माझं वाक्य मागं घेतलं, इरफानभाईंची माफी मागितली आणि सेलांची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. कॉलेजच्या फाटकात पुन्हा उभी राहिले. पहिल्या पत्रकाइतकं कोणी ते आवडीनं घेतलं नाही. चूक कबूल करणाऱ्या पत्रकात घोषणा देण्यासारखं काही नसतं.

जयंतीला आई गायली. सगळं सुरळीत झालं असं लिहिणार नाही. मधल्या एका गाण्यात तिचा आवाज चिरकला आणि ती ओळ तिनं पेटीवर सोडून दिली. मागच्या रांगेतली दोन पोरं “पार्टी थंड पडली” म्हणून उठून गेली. पण शेवटच्या गाण्याला तिच्या मानेवरची शीर दिसली नाही. ती हात मोकळे सोडून, समोर बघत गात होती. गाणं आता पळत नव्हतं, त्यामुळे त्यातलं प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “आगं, हे गानं असं हाय व्हय? मी आपली नुसती टाळ्या वाजवत हुते की इतकी वर्सं.” पत्रकांवर वाढलेल्या मुलीला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. शब्दांसाठीच तर ती गाणी होती.

आज सूर खालीवर करायला शुक्रवार पेठेत जावं लागत नाही. फोनवर बोट फिरवलं की झालं. आई साठीच्या पुढं आहे, काळी दोनवर आली आहे आणि अजून गाते. मी अजून पत्रकं लिहिते, अजून चिडते. यंत्रावर विश्वास ठेवू नका, असं मी तुम्हांला सांगणार नाही, आणि ठेवा असंही नाही. माझी मागणी एकच आहे, आणि ती पोकळ नाही. तुमच्या वस्तीत, शाळेत, मंडळात, लग्नाच्या मांडवात कोणी बाई गायला उभी राहिली आणि शेजारी ट्रॅक तयार असला, तर बटण दाबणाऱ्याचा हात धरा. आधी तिला विचारा, “ताई, तुम्हांला कुठून सोयीचं?” ती लाजून “चालेल कसंही” असं म्हणेल. ते उत्तर घेऊ नका. तिला दोन ओळी नुसत्या गळ्यानं म्हणू द्या, तिचा सूर कुठं बसतो ते ऐका, आणि ट्रॅक तिथं आणा. येत्या कार्यक्रमापासूनच करा.